झाडून तोललेला कागद

नाजूक काटा प्रवासाला निघाला की त्याला तिकीट लागत नाही, पण मांडी लागते. काट्याची दांडी अकीक दगडाच्या धारेवर टेकलेली असते आणि ती धार एका धक्क्यात गेली की उरलेला काटा नुसता शोभेचा. म्हणून दांडी सोडवून, कापसात गुंडाळून, लाकडी डबीत घालून मी सुरतेपासून स्पितीपर्यंत मांडीवर नेली. काट्याची काचपेटी, हवा ओढायचा पंप, दोन बॅटऱ्या, सूर्यावर चालणारी पाटी आणि नयनाबेनचे खाखरे हे सगळं आधी रेल्वे-बसच्या आणि मग जीपच्या सामानात गेलं.

मी काटेवाला आहे. घर कोसाडला, दुकान कतारगामला. दुकानात एक टेबल, एक मी आणि एक गिऱ्हाईक एवढंच मावतं. हिऱ्याच्या कारखान्यांतले काटे बिघडले की माझ्याकडे येतात, कॉलेजांच्या प्रयोगशाळांतलेही येतात. वडील अमळनेरहून सुरतेला मागावर आले होते. मला त्या खडखडाटात जायचं नव्हतं, म्हणून मी खंभातच्या रसूलभाई उस्तादांच्या हाताखाली बसलो. त्यांचा पहिला धडा होता, "पहेलां झाड, पछी तोल." हिरा पारड्यात ठेवण्याआधी मऊ केसांच्या ब्रशनं झाडायचा, कारण घेणारा हिरा घेतो, वरची धूळ घेत नाही. तो ब्रश वीस वर्षं माझ्या शर्टाच्या खिशात आहे. सणासुदीला नवा शर्ट घातला तरी आधी ब्रश त्यात जातो.

नयनाबेन एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. हवेतल्या धुळीवर त्यांचं डॉक्टरेटचं काम नऊ वर्षं चाललं होतं. पंपानं हवा एका पांढऱ्या गोल कागदातून ओढायची, कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा, आणि जो फरक येईल ती धूळ. कतारगाम, उधना, स्टेशन, सगळीकडच्या गच्च्यांवर त्यांचे कागद लावून झाले होते. पण त्यांच्या मार्गदर्शकांचं म्हणणं असं, की जिथं धूळ नाही अशा एका जागेचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय सुरतेच्या आकड्याला अर्थ नाही. अशी जागा म्हणजे हिमालय, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं होतं. आदल्या वर्षी बेन एकट्या जाऊन स्पितीतून कागद घेऊन आल्या, पण रस्त्याचे धक्के आणि सुरतेची दमट हवा खाऊन ते कागद काही भलतीच वजनं दाखवू लागले. म्हणून या वर्षी, १९९७ च्या सप्टेंबरात, काटाच वर न्यायचा ठरला. विद्यापीठानं त्यांना दिलेली मुदतवाढ शेवटची होती. या खेपेला कोरा आकडा मिळाला नाही तर नऊ वर्षं पाण्यात, असं त्या मला दुकानात उभ्या उभ्या सांगून गेल्या.

नाशिकच्या पलीकडे मी कधी गेलो नव्हतो. बायकोनं शेंगदाण्याची चटणी आणि उडदाचे पापड बांधून दिले आणि एवढंच विचारलं, "हवा तोलाले इतला लांब जाई ऱ्हायनात का तुम्ही?" मी हो म्हटलं. अनंत चतुर्दशीला सोसायटीचा गणपती तापीत बोळवला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीत बसलो.

मनाली

रेल्वे आणि बसचे तीन दिवस सोडून देतो. त्यात बसण्यापलीकडे काही घडलं नाही.

मनालीच्या पहिल्या हॉटेलात मालकानं कुठून आलात विचारलं. सुरत म्हटल्याबरोबर त्याचा हात नाकाकडे गेला. प्लेगला तीन वर्षं झाली होती. मधल्या काळात आमची सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत मोजली जाऊ लागली होती, पण ती बातमी मनालीपर्यंत चढलेली नव्हती. मी लगेच सावरून घेतलं. सुरत म्हणजे त्या बाजूचे, गाव आमचं बारडोली, उसाचा भाग, साखर कारखाना वगैरे. मालकाचा हात खाली आला. एवढ्यात नयनाबेननी रजिस्टर ओढलं आणि गावाच्या रकान्यात ठळक अक्षरात 'सुरत' लिहिलं. मग त्या हॉटेलातल्या सगळ्या खोल्या आधीच भरलेल्या निघाल्या.

दुसरीकडे खोली मिळाली, तिच्या खिडकीची काच फुटलेली होती. मी कुरकुरलो, की बारडोली लिहिली असती तर कुणाचं काय जात होतं? बेन स्वेटरवर स्वेटर चढवत म्हणाल्या, की एक खोटं लिहिलं की पुढचं सगळं त्याच्याशी जुळवत बसावं लागतं. शिक्षकांना प्रत्येक गोष्टीचा धडा करायची सवय असते, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

कुंझुम ओलांडून

रोहतांगपर्यंत झाडं होती. पलीकडे उतरल्यावर ती संपली आणि पुन्हा दिसली नाहीत. डोंगर उघडे, तपकिरी, करडे, मधेच जांभळट. आमच्या खानदेशात चैत्रातही बाभळीची एखादी काटकी हिरवी राहते. इथं ती जबाबदारी कुणीच घेतलेली नाही. आकाश मात्र इतकं निळं, की बेन सारख्या वर बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेत ओळखीचा प्रश्न आल्यासारखा आनंद होता.

कुंझुमच्या खिंडीत देवीचं ठाणं आहे. जीप त्याला प्रदक्षिणा घालून मगच पुढे जाते. तिथल्या दगडावर लोक नाणं दाबून धरतात. मनात पाप नसेल तर नाणं चिकटतं म्हणे. माझं चिकटलं. बेननी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा त्यांचं खाली पडलं. मी त्यांची समजूत घातली, की माझी बाजू जरा ओलसर होती. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही, पण मला बरं वाटलं.

आम्हाला जायचं ते गाव स्पितीतल्या काझाच्या वर, आणखी तास-दीड तासाच्या चढावर आहे. तीसेक पांढरी घरं, खिडक्यांना काळ्या चौकटी, छपरांवर जळणाच्या काटक्यांचे रचलेले थर. छेरिंग नावाचा गावच्या शाळेतला शिपाई आदल्या वर्षीपासून बेनच्या ओळखीचा होता. त्याच्याच घरी आम्ही उतरलो. तो हिंदी बोलायचा. घरात त्याची आई, तिला सगळं गाव आमा म्हणे. तिला हिंदी येत नव्हतं. "जुले", म्हणजे तिकडचा रामराम, एवढा एक शब्द आम्हाला दोघांनाही येत होता. तोच आम्ही सकाळी, दुपारी, येताजाता एकमेकांना देत होतो.

पहिले दोन दिवस श्वास घ्यायला शिकण्यात गेले. पायरी चढली की थांबायचं, कुशीवर वळलं की थांबायचं. आमा लोणी आणि मीठ घातलेला चहा देई. चहा म्हणून प्यालं तर घशाखाली उतरत नाही. तिसऱ्या दिवशी मी तो कढी समजून प्यालो आणि पुन्हा वाटी पुढे केली. जवाचं भाजलेलं पीठ त्यात कालवून खायचं, म्हणजे आपला सातूच. आमची शेंगदाण्याची चटणी मी त्यावर घातली तेव्हा आमानं ती चाखली, डोळे पुसले आणि आणखी मागितली.

कोठार

काटा मांडायला जागा शोधण्यात माझा एक दिवस गेला. वरचा मजला लाकडाचा, कुणी चाललं की दांडी नाचे. शेवटी छेरिंगनं तळमजल्यावरचं धान्याचं कोठार उघडून दिलं. दगडी जमीन, एक दार, वारा नाही. कोठार पूर्ण रिकामं होतं, कारण वर्षाचं जव अजून खळ्यावर होतं. काटा बसवून, सपाटी साधून, वजनं टाकून पाहिली तेव्हा दांडी अशी सावकाश स्थिरावली, की उस्ताद असते तर त्यांनी मान हलवली असती. सुरतेत ट्रक गेला तरी माझे काटे थरथरतात. इथं थरथरायला काही नव्हतं.

पंप गावाच्या वर, अर्ध्या तासाच्या चढावर, एका सोंडेवर बसवला. तिथं गावातल्या चुलींचा धूर पोचत नाही हे बेननी आदल्या वर्षी दोन दिवस बसून पाहिलं होतं. एक कागद तीन दिवस, तीन रात्री चालवायचा. असे चार कागद. माझं काम काटा शहाणा ठेवायचं. तोलायचं काम बेनचं.

पहिला कागद खाली आला. बेननी चिमट्यानं उचलला आणि तसाच पारड्यात ठेवला. झाडला नाही. मी शेजारी उभा होतो. मला खटकलं, पण शिकल्यासवरल्या माणसाला काय सांगायचं, म्हणून गप्प बसलो. आकडा आला तो चांगलाच जड. बेननी तीनदा तोलला, तीनदा तोच. त्या पालथ्या टोपलीवर बसल्या. माझ्या मनात आलं, न झाडता तोललं तर जास्त भरणारच. कागदाच्या आत शिरलेली धूळ ती खरी, वर बसलेली ती उपरी, अशी मी आपली परस्पर वाटणी करून टाकली होती.

कोठाराच्या दारातून छेरिंगचं खळं दिसत होतं. मधल्या खांबाला बांधलेली सहा-सात जनावरं गोल फिरत होती, याक, गाढवं, एक गाय, आणि त्यांच्या मागून आमा काहीतरी गात चालली होती. आमच्याकडची पात अशीच, फक्त बैलांची. उफणायची वेळ झाली की इथले लोक शीळ घालून वाऱ्याला बोलावतात. आमच्याकडे तिवईवर उभं राहून वाऱ्याला शिव्या देतात. वारा दोन्हीकडे त्याला यायचं तेव्हाच येतो. दुपारी तो खालून वर चढत होता आणि भुसा उडून थेट सोंडेच्या दिशेला जात होता. बेननी ते पाहिलं आणि उठल्या.

त्यांनी छेरिंगला विचारलं, तीन दिवस मळणी थांबवता येईल का. तो आईशी बोलला. आमानं वरच्या शिखरांकडे एकदा पाहिलं आणि काही शब्द बोलली. छेरिंग म्हणाला, "माँ बोलती है, मेहमान का काम पहले." बर्फाच्या आत जव घरात यायला हवं, एवढं तो नंतर मला एकट्याला म्हणाला. यंदा अजून आठ-दहा दिवस आहेत असं त्याला वाटत होतं.

दुसरा कागद

तीन दिवस खळं बंद राहिलं. जनावरं मोकळी, आमा घरात लोकर कातत बसलेली. चौथ्या दिवशी सकाळी बेन घाईनं सोंडेवर चढल्या, कागद घेऊन घाईनं उतरल्या, आणि अंगणात येईतो त्यांचं डोकं फुटायला लागलं. ओकाऱ्या सुरू झाल्या. आमानं त्यांना चुलीजवळ निजवलं. पडल्या पडल्या त्यांनी कागदाचं पाकीट मला दिलं. तासाभरात तोलायला हवा होता, नाहीतर तो हवेतला ओलावा प्यायला असता. तुमच्याएवढं आयुष्यात मी तोललेलं नाही, असंही म्हणाल्या.

ते ऐकून मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. मी कोठारात गेलो, दार लावलं, पारडं झाडलं, चिमटा झाडला आणि कागद उताणा करून खिशातल्या ब्रशनं तो वरून खाली, हळुवार, पद्धतशीर झाडला. मग तोलला. आकडा जवळजवळ कोऱ्या कागदाचाच आला. मी रजिस्टरात लिहिला, तोलणाऱ्याच्या रकान्यात सही केली, कागद पाकिटात बंद केला आणि वर जाऊन बेनना आकडा सांगितला.

बेन उठून बसल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणजे दोष खळ्याचाच होता. खळं बंद, की हवा कोरी. नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली तो आकडा मिळाला होता, आणि तो माझ्या हातून. त्यांनी छेरिंगला हाक मारून आणखी सहा दिवस मळणी थांबवायची विनंती केली, म्हणजे उरलेले दोन्ही कागद तसेच निघतील. छेरिंगनं ते आईला सांगितलं. आमानं पुन्हा शिखरांकडे पाहिलं. या वेळी जास्त वेळ पाहिलं. मग तिनं मान हलवली.

तिसऱ्या कागदाचा दुसरा दिवस असेल. करायला काही नव्हतं, म्हणून काटा साफ करायला बसलो. पारड्यावरून ब्रश फिरवला आणि चकचकीत पारड्यावर काळपट पट्टा उठला. पुन्हा फिरवला, पुन्हा उठला. मी ब्रश दाराशी उजेडात नेला. त्याचे केस टोकांना काळे झाले होते. मातीचा रंग नव्हता तो, कंदिलाच्या काचेवर धरते त्या काजळीचा होता.

मला सगळं एकदम कळलं. बेननी नऊ वर्षं ज्याच्यासाठी घालवली, जे तोलायला आम्ही एवढा हिमालय चढून आलो, ते मी झाडून टाकलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली.

मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. बेन हिंडूफिरू लागल्या होत्या, आमाशी खाणाखुणांनी बोलत होत्या, प्रबंधाचं शेवटचं प्रकरण कसं असेल ते मला सांगत होत्या. खळ्यावर जवाच्या पेंढ्या तशाच पडलेल्या. आमा सकाळी बाहेर येई, हात पाठीशी बांधून आकाश बघे आणि आत जाई. मी अंगणात असलो तर "जुले" म्हणे. मी "जुले" म्हणे. मनातून मी अशी आशा धरून होतो, की तिसरा कागद आपोआप हलका भरेल आणि कुणाला काही सांगावंच लागणार नाही.

तिसरा कागद

तो बेननी स्वतः तोलला. खळं सहा दिवस बंद होतं, वारा पडलेला होता, आणि कागद पहिल्याइतकाच जड भरला. बेननी तो चार वेळा तोलला. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटं थंडीनं जराशी कापत होती. त्यांनी जो निष्कर्ष काढला तो मला अपेक्षित नव्हता. त्यांनी चिमटा माझ्यापुढे धरला.

"मधुभाई, मारो हाथ बगडी गयो छे. तमे तोलो."

म्हणजे हात त्यांचा बिघडला होता आणि माझा चांगला होता. तो कागद मी झाडून तोलला असता तर आकडा पुन्हा कोरा आला असता. चौथाही आला असता. आणि आमाचं जव आणखी तीन दिवस उघड्यावर राहिलं असतं. मी चिमटा घेतला नाही. मी सांगितलं, गुजरातीतच सांगितलं, की हात तुमचा नाही, माझा बिघडलेला आहे. दुसरा कागद मी झाडून तोलला.

त्यांना आधी समजलं नाही. "झाडून म्हणजे?" म्हणून विचारलं. मी खिशातून ब्रश काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी टोकं पाहिली. मग दुसऱ्या कागदाचं पाकीट फोडून कागद दारातल्या उन्हात धरला. त्यावर वरून खाली बारीक समांतर रेघा होत्या, झाडलेल्या अंगणात उठतात तशा. कधी कळलं, हे त्यांनी विचारलं. मी दोन दिवस झाले म्हटलं.

त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "आपण धूळ तोलायला आलो होतो, मधुभाई."

एवढंच. मग त्यांनी पहिली गोष्ट केली ती अशी, की बाहेर जाऊन छेरिंगला खळं सुरू करायला सांगितलं. परत आल्यावर रजिस्टर उघडलं. मी दुसऱ्या कागदाची ओळ खोडायला पेन उचललं तर त्यांनी थांबवलं. खोडायचं नाही, शेजारी काय केलं ते लिहायचं, तुमच्या हातानं. रजिस्टर सगळं इंग्रजीत. मला इंग्रजी लिहिता येत नाही, गुजराती अक्षर माझं दुकानाच्या पावतीपुरतं. "मराठीत लिहा," त्या म्हणाल्या. मी लिहिलं : 'हा कागद तोलण्याआधी मी सवयीनं ब्रशनं झाडला. मधुकर बडगुजर, काटेवाला.'

मग मी तिसरा कागद न झाडता तोलला. आकडा बेनचाच आला.

बर्फ

दोन दिवस आम्ही सगळेच खळ्यावर होतो. बेन पेंढ्या सोडत होत्या, मी जनावरांच्या मागून फिरत होतो आणि दर चौथ्या फेरीला दम खायला बसत होतो. याकाला "हो हो" कळत नाही, शीळ कळते. मला शीळ येत नाही. छेरिंग हसत होता, आमा गात होती, आणि वरची शिखरं एकेक करून ढगात जात होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे बर्फ पडला. तोवर निम्म्याहून थोडं जास्त जव कोठारात, माझ्या काट्याच्या शेजारी, आलं होतं. उरलेलं भिजलं. आमानं ओल्या पेंढ्या उचलून घरात आणल्या आणि चुलीभोवती, जिन्यावर, आमच्या अंथरुणांच्या मधे मिळेल तिथं पसरल्या. घरभर ओल्या गवताचा वास भरून राहिला. भिजल्यातलं किती वाचेल, ते छेरिंगला सांगता येत नव्हतं.

मी त्याला म्हटलं, आईला सांग की चूक बेनची नाही, माझी आहे, मी कागद झाडला नसता तर खळं आणखी थांबवायची गरजच नव्हती. त्यानं सांगितलं. आमानं ऐकून घेतलं, मग काहीतरी विचारलं. छेरिंगनं जरा संकोचून तिचा प्रश्न मला दिला. "पूछ रही है, झाडने से आपकी मशीन खराब तो नहीं हुई?"

मी नाही म्हटलं. मग जिन्यावरच्या ओल्या पेंढ्या उलटायला बसलो.

चौथा कागद बर्फानंतरचा, तो हलका भरला. बर्फ हवा धुऊन काढतो, असं बेन म्हणाल्या. तोलला मीच. माझा हात दोनदा खिशाकडे गेला. बेननी दोन्ही वेळा पाहिलं. परतताना जीपमध्ये मी त्यांना विचारलं, ही काजळी आली कुठून, आपल्या सुरतेची असेल का? त्या म्हणाल्या, काजळीवर गावाचं नाव लिहिलेलं नसतं. कुंझुमला जीपनं पुन्हा प्रदक्षिणा घातली. मी नाणं काढलं नाही.

सुरत

मार्गदर्शकांना कोरी जागा हवी होती, ती मिळाली नाही. कोरी जागा मिळाली नाही हेच लिहायचं, असं बेननी ठरवलं. त्यासाठी हाता-पाया पडून मुदत आणखी एकदा वाढवून घ्यावी लागली आणि अर्धा प्रबंध नव्यानं लिहावा लागला. त्यात दीड वर्ष गेलं. डॉक्टर त्या अजून झालेल्या नाहीत. होतील की नाही ते परीक्षकांच्या हातात आहे.

छेरिंगची दोन पत्रं आली. दुसऱ्यात होतं, की त्या हिवाळ्यात त्यांनी काझ्याहून पीठ आणलं, बाकी सगळं ठीक आहे, आमा चटणीची आठवण काढते. मी चटणी पाठवली. जवाबद्दल काय पाठवायचं ते मला सुचलं नाही. प्रबंधात तापमान आहे, वारा आहे, उंची आहे. जवाचा उल्लेख कुठं नाही, असायचं कारणही नाही, म्हणून तो मी इथं केला आहे.

गेल्या महिन्यात बेन दुकानात आल्या. हातात प्रबंधाच्या पाच बांधलेल्या प्रती, निळ्या कापडाच्या. रजिस्टरातली प्रत्येक ओळ त्यांनी शेवटच्या पानांवर जशीच्या तशी उतरवली होती. टाइप करणाऱ्याकडे फक्त इंग्रजी अक्षरं होती, त्यामुळे दुसऱ्या कागदासमोर त्यानं एक ओळ रिकामी सोडली होती. ती इंग्रजीत करून टाकली असती तरी चाललं असतं, असं मी म्हटलं. बेननी पेनचं टोपण काढून पेन माझ्यापुढे ठेवलं.

पारड्यात एका कारखान्याचं हिऱ्याचं पुडकं होतं, ते बाजूला केलं. टेबल झाडलं. मग पाचही प्रतींत एकेक करून लिहिलं, हा कागद तोलण्याआधी मी सवयीनं ब्रशनं झाडला, आणि खाली नाव. पहिल्या प्रतीत ओळ जरा तिरकी गेली. पाचव्या प्रतीत अक्षर बरं आलं.